झोपेच्या गोळीस अनावृत पत्र

अल्प्राझोलाम 0.25 यांस,
मुक्काम अमरावती, तात्पुरता मुक्काम अकोला.

वऱ्हाडातल्या कृषी, सहकार आणि महसूल खात्यांचा अतिरिक्त कार्यभार आपण एकट्याने वाहता, याबद्दल आपला जाहीर सत्कार व्हायला हवा. मूर्तिजापूरचा कास्तकार म्हणतो झोप नाही, दर्यापूरची बाई म्हणते छातीत धडधडतं. बोंडअळी, सोयाबीनचा भाव, थकलेलं पीककर्ज, दारुडा नवरा यांना केसपेपरवर रकाना नसतो. आपल्याला मात्र हमखास जागा मिळते: रात्री एक.

पण याच अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्प दीड वर्ष चालला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी माणसांना बोलतं केलं, समुपदेशकांनी ऐकून घेतलं आणि ज्यांचा आजार जड, ते मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. नैराश्यावर मदत घेणारे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले. तुलनेला दुसरी गावं नव्हती, म्हणून सगळं श्रेय प्रकल्पाला देता येत नाही, हे आपल्या वकिलाआधी मीच सांगतो. गोव्यात मात्र तुलनाही झाली. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी सहा ते आठ बैठकांत समुपदेशन केलं. तीन महिन्यांनी त्यांच्यातले 64 टक्के सावरले होते. ज्यांना हे समुपदेशन नव्हतं, त्यांच्यातले 39 टक्के.

ओपीडीची रांग दारापर्यंत असताना डॉक्टरनं ऐकायचं कधी? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ऐकणारं माणूस वेगळं हवं, आणि सरकारला हे कळत नाही असंही नाही. 2015 मध्ये अमरावती-अकोल्यासह 14 जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प त्याच समजुतीतून निघाला. बोलून कापसाला भाव येतो का, असंही कुणी विचारील. नाही येत. आपणही तो आणत नाही. शिवाय बोलणं सोडलं तर हातपाय थरथरत नाहीत. तीव्र नैराश्याला अनेकदा औषधही लागतं हे खरं, पण ते औषध आपण नव्हेत. आपण त्याच्या नावावर खपता. औषध नियमांच्या एच-1 परिशिष्टात आपलं नाव आहे, विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरात ठेवावी लागते. इतका पहारा ठेवण्याजोग्या पाहुण्याला रोजचा घरजावई करू नये.

वाचकहो, गोळी चालू असेल तर एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. आणि ग्रामसभेत एकदा विचाराच, आपल्या आरोग्य केंद्रात समुपदेशक कोणत्या दिवशी बसतो?