सुपर म्हणजे सोनाक्का नव्हे

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा अलीकडं या, कुंपणापाशी. हळू बोला, त्यांच्या खिडक्या उघड्या आहेत. अहो, पलीकडच्या काकूंचा थोरला, तोच हो, पुण्याहून लॅपटॉप घेऊन आलाय आणि दिवसभर दार लोटून बसतो. काल त्याचं तोंड असं उतरलं होतं की काकूंना वाटलं, गेली नोकरी!

मी आपली कढीपत्ता मागायला गेले होते. खरंच हो, कढीपत्ताच. तर आतून आवाज, "सुपर राहिलंय, सुपर!" मला वाटलं द्राक्षाचा वाण, सुपर सोनाक्का. म्हटलं, छाटणीत एखादी ओळ सुटली की काय. म्हणून डोकावले, एवढंच. तर पडद्यावर लाल अक्षरं, आणि काकूंची धाकटी सून त्याच्या पाठीमागं हाताची घडी घालून उभी. ती पण कॉम्प्युटरवाली, तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नात काकू म्हणाल्या नव्हत्या का, शिकलेली आहे हो, पण भाकरी… जाऊ दे, आपल्याला काय करायचंय.

तर काय सांगत होते, तो बागायतदारांसाठी ॲप करतोय. छाटणी, फवारणी, सगळ्याची नोंद. त्यात त्यानं 'बाग' नावाचा एक क्लास केला. गट नंबर, एकर, मालक, सगळं त्याच्याकडं. आणि दुसरा 'द्राक्षबाग', एक्स्टेंड्स बाग. म्हणजे ही त्याची लेक. बापाचं सगळं तिला मिळणार, वर तिचा स्वतःचा वाण आणि छाटणीची तारीख. इथवर ठीक. पण गडी करून काय बसला? लेकीच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ती घडते तिथं, पहिल्याच ओळीला धिस डॉट वाण, आणि बापाला बोलावणारं सुपर त्याच्या खाली! बापाला हाक मारायच्या आधीच 'माझं, माझं'. जावास्क्रिप्ट कसली ऐकून घेते. रेफरन्स एरर! आधी सुपर, मगच धिसला हात, असं लाल अक्षरांत सुनावलं.

वर हा म्हणतो कसा, "एक ओळ वर काय नि खाली काय!" काकूंनी लगेच मान डोलावली. मुलगा बोलला ना!

तेवढ्यात आमचे हे आले. कढीपत्त्याला दोन माणसं कशाला लागतात, देव जाणे, पण आले. यांचा जन्म किर्लोस्करवाडीत पंप करण्यात गेला. वाडी वसली १९१० साली, पण हे बोलायला लागले की वाटतं, पहिला दगड यांनीच ठेवला. म्हणाले, "पंपाची बॉडी आधी ओतावी लागते बाबा. बीड थंड झाल्याशिवाय लेथवर काय लावणार, हवा?"

सूनबाई एकदम खुलली. "काका, अगदी हेच! धिस नावाची वस्तू ओततो तो बाग. सुपर परत येईपर्यंत लेकीच्या हातात काही नसतंच." आमचे हे असे फुगले म्हणता…

आणि अहो, ही भाषा तरी कुठं मुहूर्त बघून जन्मली? १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइकनं दहा दिवसांत उभी केली. आपल्याकडं दहा दिवसांत गणपती बसून उठतात. नाव आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, मग जावास्क्रिप्ट. जावाशी ना नातं ना गोतं, तिचा तेव्हा बोलबाला म्हणून आडनाव लावलं. आणि हे क्लास प्रकरण आलं थेट २०१५ ला! तोवर वीस वर्षं सगळा कारभार प्रोटोटाइपवर, आणि आत अजून तोच आहे. क्लास म्हणजे वरून नेसवलेलं जरीचं लुगडं. लेकीकडं एखादं काम मागितलं आणि तिला येत नसलं, की ती बापाचं दार वाजवते. त्यालाही येत नसलं तर त्याच्या वरचं घर, असं करत पार ऑब्जेक्टच्या थोरल्या वाड्यापर्यंत. तिथंही नाही मिळालं, की मग अनडिफाइन्ड. मी कढीपत्त्याला निघते ना, तसंच.

बरं, तर काय सांगत होते… त्यानं मुकाट्यानं सुपर वर नेलं. लाल अक्षरं गेली. मग गड्यानं ऐट दाखवायला 'भाजीपाला' म्हणून तिसरा क्लास काढला, तोही एक्स्टेंड्स बाग, पण त्यात कन्स्ट्रक्टरच नाही, तरी चालला. "बघा, इथं कुठं लागलं सुपर?" सून म्हणाली, "भावजी, तुम्ही लिहिला नाही म्हणून जावास्क्रिप्टनं आपणहून घातला, सुपरसकट." पुन्हा तोंड पडलं.

पण खरी गंमत पुढंच. द्राक्षबागेची पाटी छापली, तर मालक बरोबर, एकर बरोबर, आणि वाण? अनडिफाइन्ड! लाल अक्षर नाही, आरडाओरडा नाही, नुसतं गुपचूप अनडिफाइन्ड. हा ओरडला, "अगं, क्लासच्या डोक्यावरच लिहिलंय की, वाण बरोबर माणिकचमन!"

सून वाकली, वरचा बाग क्लास उघडला. त्याच्या कन्स्ट्रक्टरच्या शेवटी ह्यानंच ओळ घातलेली, धिस डॉट पाटी. आणि पाटी कशी लिहायची ते लेकीनं आपल्या पद्धतीनं बदललेलं, त्यात वाणाचं नाव. म्हणजे बापानं हाक मारली, लेकीची पाटी धावत आली, पण लेकीचा वाण भरला जातो सुपर परतल्यावर. डोक्यावर लिहिला म्हणून आधी भरत नाही.

काकू ताडकन म्हणाल्या, "म्हणजे चूक लेकीचीच!"

आणि वहिनी, सूनबाई वळलीसुद्धा नाही हो. पडद्याकडं बघतच म्हणाली, "लेकीची कशी, आत्या? ती अजून पुरती उभी नाही, तोच तिला विचारायचं, तुझ्याकडं काय आहे म्हणून. मग ती काय सांगणार?"

खोलीत असं चिडीचूप… काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. कारण सगळ्यांना आठवलं. माप ओलांडायच्या आधी, उंबऱ्याबाहेर, हातात ताट धरलेल्या पोरीला काकूंनी विचारलं होतं, भाकरी येते का गं? ती बिचारी गप्प. आणि ते गप्प बसणं वर्षभर गावभर फिरलं. आता काकूंना ते विचारायला कानात कुणी सांगितलं होतं… असू दे हो. मला एवढ्या जुन्या गोष्टी आठवत नाहीत.

पोरानं ती ओळ बापाच्या कन्स्ट्रक्टरमधून काढली. आता न्यू करून द्राक्षबाग पुरती उभी राहिली, की मग बाहेरून पाटी मागायची. आली लगेच, माणिकचमन! काकू उठल्या, चहा टाकला, आणि पहिला कप कुणाच्या हातात दिला म्हणता? सुनेच्या! अगदी माझ्या डोळ्यांदेखत.

या सगळ्यात कढीपत्ता तिथंच राहिला हो. तुमच्याकडं असेल ना?