चि. विसाव्या विद्यार्थ्यास

चि. विसाव्या,



पत्र उघडंच लिहितोय, कारण तुझा पत्ता माझ्याकडे नाही. हजेरीपटावर एकोणिसाच्या खाली तुझी ओळ तेवढी आखून ठेवली आहे. सहावीत सात, सातवीत पाच, आठवीत सात. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या या शाळेत तुझ्याइतकं महत्त्वाचं आज कुणी नाही. एकोणीस जण रोज येतात, त्यांची मोजदाद नाही. तू येत नाहीस आणि सगळं तुझ्यावाचून अडलंय.

१५ मार्च २०२४च्या शासन निर्णयाचा हिशेब सोपा आहे : सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल, तर शिक्षक शून्य. २००९चा शिक्षण हक्क कायदा मात्र याच वर्गांना विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांसाठी निदान एकेक शिक्षक द्या म्हणतो. म्हणजे बाळा, गुरुजी राहणार की नाही, हे तुझ्या एका दप्तरावर ठरणार.

नशीब, विसोबा खेचरांच्या काळी पटावरून शिक्षक ठरवणारी ही संचमान्यता नव्हती. औंढ्याला त्यांच्या पटावर एकटे नामदेव! गुरूंचं समायोजन कळमनुरीला झालं असतं आणि नरसीचे नामदेव टीसी घेऊन परतले असते.

तू का येत नाहीस, तेही ठाऊक आहे. सकाळी पारापाशी पिवळी व्हॅन थांबते आणि टायवाली पोरं भरून नेते. परवा एका बापाला अडवलं, तर म्हणाला, "गुरुजी, तुम्ही वर्गावर असता कधी?" काय बोलणार? एका खोलीत तीन वर्ग; त्यात ऑनलाइन माहिती भरा, आधार जुळवा. सातवीतलं पोरगं भागाकाराला अडतं, म्हणून बाप नाव काढतो. नाव निघालं की पट घटतो, पट घटला की गुरुजी जातो, आणि मागे राहिलेलं पोरगं बेरजेलाही अडतं.

तुझं खोटं नाव घालता आलं असतं. पण शेजारच्या नांदेडनं २०११मध्ये पटपडताळणी करून ती विद्या उघडी पाडली. बरंच केलं.

तेव्हा ३० सप्टेंबरच्या आत ये. पट त्या दिवशीचा धरतात. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की आमचे एकोणीसही एकोणीस राहत नाहीत. तू आलास, तर नावाप्रमाणे आम्हाला विसावा मिळेल.

आणि हे पत्र वाचणाऱ्या थोरामोठ्यांनो, विसावा शोधायला तुम्ही गावोगाव फिरू नका. फक्त एक गणित दुरुस्त करा. आमच्या सहावीच्या पोरालाही येतं ते : एकोणीस म्हणजे शून्य नव्हे.

तुझी वाट पाहणारा,
(अजून तरी) तुझा गुरुजी