बेरिंगच्या नावानं चांगभलं!

सायलेन्सर, आरसे, सीट कव्हर आणि चाकं या चार वस्तू कंपनी मुद्दाम वाईट देते, अशी आमच्या भागातल्या तरण्या पोरांची ठाम समजूत आहे. या पोरांना मी शाळेत इंग्रजी शिकवलं. ते त्यांच्यात किती उतरलं ठाऊक नाही, त्यांची ही समजूत मात्र माझ्यात पुरती उतरली. वयाच्या पन्नाशीत, दीडशे सीसीच्या गाडीची भली-चांगली चाकं उतरवून मी बाहेरची काळी-लाल अलॉय चाकं बसवून घेतली. "सर, आता गाडी कशी भारी दिसतीया!" असं एक माजी विद्यार्थी म्हणाला. हा दहावीत गणितात नापास झाला होता, हे त्या क्षणी लक्षात यायला हवं होतं.

आमचं मलकापूर म्हणजे कराडला लागूनच. मागं आगाशिवचा डोंगर, मधून पुणे–बंगळूर हायवे. त्या हायवेच्या सहापदरीकरणानं पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ यांची सोय केली. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर आहेतच. गावाचं नाव झालं ते चोवीस तास मीटरनं मिळणाऱ्या पाण्यामुळं. मीटर आला की माणूस बादली मोजायला लागतो. तेव्हा घरचं पाणी वाचवायला मी गाडी वॉशिंग सेंटरवर नेऊ लागलो. तिथला पोरगा प्रेशर पंपाची नळी थेट चाकाच्या मध्यावर धरायचा आणि मी बाजूला उभा राहून "तिथं अजून जरा मार" असं सांगायचो. बेरिंगचं रबरी सील धूळ अडवतं, पावसाचे शिंतोडे अडवतं. हातभर अंतरावरून मारलेला फवारा अडवणं हे काही त्याचं काम नव्हे. पाणी आत जातं, ग्रीस खराब होतं, गोळ्यांना गंज चढतो आणि चाक गुरगुरायला लागतं.

माझं मागचं चाक असंच गुरगुरू लागलं. मेकॅनिकनं गाडी मेन स्टँडला लावली, टायर दोन्ही बाजूंनी धरून हलवला. खडखड वाजलं. "बेरिंग गेलं, सर. चांगल्यातलं आणा." या "चांगल्यातलं" शब्दानं पुढं माझे रविवार खाल्ले.

कराडातल्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर पहिला प्रश्न असतो, "गाडी कंची?" मी गाडीचं नाव सांगायचो, दुकानदार डोळे मिटून डबा काढायचा, मी तो घेऊन यायचो आणि बेरिंग चाकात सैल पडायचं. गाडीचं नाव खरं होतं. चाक त्या गाडीचं नव्हतं. म्हणजे घरचा पत्ता बरोबर आणि पाहुणे भलत्याच गावचे. शेवटी जुनं बेरिंग रॉकेलमध्ये धुतलं, चष्मा कपाळावर चढवला, डोळ्याजवळ धरलं, तेव्हा कडेवर पुसट अक्षरं दिसली : ६३०२.

मग अभ्यास सुरू झाला. शिक्षकाला अभ्यासाचा नाद लागला की घरच्यांचे हाल होतात. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचं माप सांगतात : ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढं सरळ पाचानं गुणायचं. त्याआधीचा आकडा जाडीचा आणि घेराचा. ६२०२ आणि ६३०२ या दोघांचंही भोक १५ चं. पण पहिल्याचा बाहेरचा घेर ३५ आणि दुसऱ्याचा ४२ मिलिमीटर. दुकानदार मला इमानदारीनं ६२०२ देत होता आणि मी त्याच्या इमानदारीवर शंका घेत होतो. नंबरामागची शेपटीही कामाची असते. टू आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं. चिखलातल्या चाकाला रबर बरं. हे सगळं मी जेवताना बायकोला सांगितलं. "आमटी वाढू का?" एवढंच ती म्हणाली.

नंबर कळल्यावर ब्रँडचा फेरा लागला. सांगलीत एक चक्कर झाली, मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो, पुण्यात लग्नाला गेलो तेव्हा अक्षता पडताच नाना पेठ गाठली. जेवायच्या पंगतीला मी नाही हे पाहून मेहुण्यांनी शोधाशोध केली. मी बेरिंगच्या दुकानात स्वीडनचा इतिहास सांगत होतो. १९०७ साली गोटेनबर्गमध्ये स्वेन विंगक्विस्ट नावाच्या कापडगिरणीतल्या इंजिनिअरनं एसकेएफ कंपनी काढली. गिरणीखालची चिकणमाती खचायची, शाफ्ट तिरके व्हायचे आणि बेरिंगं जायची. म्हणून त्यानं शाफ्ट तिरका झाला तरी सांभाळून घेणारं बेरिंग बनवलं. त्याच कंपनीचा कारखाना चिंचवडला साठच्या दशकापासून आहे. हे ऐकून दुकानदार म्हणाला, "काका, घ्यायचंय का?"

स्वस्तात मिळालेलं एक जर्मन खोकं मी आनंदानं घरी आणलं. दिव्याखाली धरलं तेव्हा 'जर्मनी'च्या स्पेलिंगमधला आर गायब! जुनं बेरिंग पॉलिश करून नव्या खोक्यात घालायचा धंदा चालतो, हे ऐकून होतो. अठ्ठावीस वर्षं पोरांच्या वह्यांत लाल शाईनं खुणा केल्या, त्या विद्येचा घरात उपयोग झाल्याचा हा पहिला प्रसंग. पैसे गेले, पण एक मार्क कापायचं समाधान मिळालं.

अखेर पक्क्या बिलाचं, अधिकृत विक्रेत्याकडचं बेरिंग घेतलं. आता ते बसवायचं कसं? मेकॅनिकचा पारंपरिक मार्ग म्हणजे सुंभा आणि हातोडा. मी त्याला अडवलं. ठोका आतल्या रिंगवर बसला तर तो गोळ्यांतून जातो आणि त्यांच्या खोबणीत बारीक खड्डे पाडतो; नवं बेरिंग बसायच्या आधीच मरतं. ठोकायचं तर बाहेरच्या रिंगवर, जुनं बेरिंग नाहीतर मापाचा पाना-सॉकेट मध्ये धरून. आणि थंडीनं लोखंड आकसतं, उष्णतेनं ॲल्युमिनियम प्रसरतं, हे सातवीचं विज्ञान. म्हणून मी ते बेरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं. सकाळी आलेल्या पाहुण्यांना सरबत करताना बायकोनं बर्फाच्या ट्रेबरोबर ती पिशवीही बाहेर काढली. पाहुणीनं विचारलं, "हे काय, गोळ्या का?" बायको म्हणाली, "ह्यांच्या आहेत."

हबवर किटलीभर उकळतं पाणी ओतलं, थंड बेरिंग ठेवलं आणि ते टक् करून अलगद बसलं. मेकॅनिकच्या चेहऱ्यावर आदर उमटला. मी त्याच आदरात आठवडाभर हायवेला फिरलो. मग चाक पुन्हा गुरगुरलं.

तेव्हा मी कंपनीला शिव्या घातल्या, काळाला घातल्या, स्वीडनलाही सोडलं नाही. मेकॅनिक कंटाळून म्हणाला, "लेथवर दाखवा." ज्या भागात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तिथं लेथवाल्याची उणीव नाही. किर्लोस्करांची सुरुवातही बेळगावच्या सायकलींच्या दुकानातूनच झाली होती, हे मी वाटेत मेकॅनिकला सांगितलं. तो गाडी चालवत होता, उतरून जाऊ शकत नव्हता.

लेथवाले तात्या माझ्याहून मोठे. त्यांनी बेरिंगकडं बघितलंसुद्धा नाही. गाडी स्टँडला लावायला सांगितली, ॲक्सलचा नट सैल केला आणि चाकाला टिचकी मारली. चाक सुरेख फिरत राहिलं. मग नट आवळला, पुन्हा टिचकी मारली. चाक दोन फेऱ्यांत थांबलं. तात्यांनी चाक उतरवून बेरिंगं काढायला लावली, दोन बेरिंगांच्या मधली नळी ओढून घेतली, व्हर्नियर लावला, मग हबच्या आतलं माप घेतलं.

"सर, बेरिंगला कशाला शिव्या देताय? नळी आखूड हाय. पाऊण मिलिमीटर."

ही नळी म्हणजे स्पेसर. नट आवळला की त्याचा सगळा दाब ॲक्सलवरून दोन्ही आतल्या रिंगांवर येतो. तो दाब नळीनं झेलायचा असतो. नळी आखूड असेल तर रिंगा एकमेकींकडं ओढल्या जातात, बाहेरच्या रिंगा हबमध्ये जागेवरच राहतात, आणि मधल्या गोळ्या तिरक्या दाबात भरडल्या जातात. मग आत जर्मन घाला, जपानी घाला नाहीतर जयपूरचं घाला. काळ्या-लाल रंगावर मेहनत घेतलेल्या त्या चाकात नळी मात्र कुणीतरी अंदाजानं कापली होती. तात्यांनी तासाभरात नवी नळी कातून दिली. मजुरी माझ्या एका जर्मन खोक्याहूनही कमी. "आधी का नाही आलात?" त्यांनी विचारलं. मेकॅनिकनं माझ्यावतीनं सांगितलं, "सर अभ्यास करत होते."

तेव्हा वाचकहो, बाहेरची चाकं लावायचीच असतील तर लावा. पोरं भारी म्हणतात आणि ते ऐकायला गोड लागतं. पण बेरिंग मागताना काउंटरवर गाडीचं नाव सांगू नका, जुन्यावरचा नंबर सांगा. बिल घ्या. वॉशिंगवाल्याला हबवर फवारा मारू देऊ नका. आणि नट सैल असताना फिरणारं चाक नट आवळल्यावर अडायला लागलं, तर पुण्याचं तिकीट काढण्याआधी जवळच्या लेथवर जा. तिथं कुणी तुम्हाला स्वीडनचा इतिहास सांगणार नाही, नळी मात्र मोजून देतील.