न जमणाऱ्या जोड्या जमवण्याची शास्त्रशुद्ध रीत

अ‍ॅनिमेतल्या दोन पात्रांचं मनातल्या मनात लग्न लावणं सोपं वाटतं, आणि नवशिके तिथेच फसतात. ते ‘नारुतो’ या मांगातल्या, म्हणजे जपानी चित्रकथेतल्या, नारुतो आणि हिनाताची जोडी धरून बसतात. ती लहानपणापासून त्याच्यावर जीव टाकते, तो जवळ आला की तिला भोवळ येते. शेवटी नोव्हेंबर २०१४ मध्ये मासाशी किशिमोतो यांनी सातशेव्या प्रकरणात दोघांना दोन मुलांसकट संसाराला लावलंही. आता चाहत्याने करायचं काय? अक्षता टाकायच्या आणि जेवून घरी यायचं. खऱ्या उमेदवाराने अशी दोन पात्रं निवडावीत, ज्यांना एका बाकावर बसवायचंही लेखकाच्या मनात आलं नसेल. या प्रकाराला ‘क्रॅक शिप’ म्हणतात, आणि कष्टाळू माणसाने दुसऱ्या कशाला हात लावू नये.

प्रथम पुरावे गोळा करावेत. ‘अटॅक ऑन टायटन’मध्ये लीवाय भर न्यायालयात साखळदंडाने बांधलेल्या एरेनला लाथा घालतो, आणि पहिल्याच लाथेत एरेनचा दात उडतो. सामान्य प्रेक्षकाला यात मारहाण दिसते. अशा जोड्या जमवणाऱ्या शिपरला दिसतं ते असं, की एरेनला आपल्या तुकडीच्या ताब्यात घेण्यासाठी, म्हणजे त्याचा जीव वाचवण्यासाठीच हे सोंग चाललंय. गंमत म्हणजे कथाही हेच सांगते. एवढ्या एका दुव्यावर या जोडीच्या कथा आणि चित्रांचा डोंगर उभा राहिला. ‘डेथ नोट’मध्ये तर लेखकानेच हात सैल सोडला. गुप्तहेर एल संशयित लाइटला बेडी घालतो आणि तिचं दुसरं टोक स्वतःच्या मनगटात अडकवून त्याच्यासोबत राहू लागतो. एकाला दुसऱ्याला पकडायचंय, दुसऱ्याला पहिल्याला मारायचंय. शिपरच्या दृष्टीने स्थळ उत्तम.

प्रतिस्पर्ध्यांच्या अशा जोड्या जमण्याचं कारण कुमारांच्या साप्ताहिक मांगाच्या घडणीतच आहे. तिथे नायक प्रतिस्पर्ध्यामागे वर्षानुवर्षं धावतो, त्याच्यासाठी रडतो, मार खातो. नायिकेच्या वाट्याला बऱ्याचदा उपचार करणं आणि काळजी करणं येतं. भावनेची सगळी गुंतवणूक जिथे झाली आहे तिथेच वाचक प्रेम शोधणार. त्यात त्याचा काय दोष?

पात्र पडद्यावर जितकं कमी, तितकं चांगलं. ‘इव्हॅन्गेलियन’च्या १९९५ साली सुरू झालेल्या मालिकेत २६ भाग होते. त्यातल्या चोविसाव्यात कावोरू येतो, शिंजीशी जिव्हाळा जोडतो आणि त्याच भागात शिंजीच्याच हातून मरतो. चाहत्यांना एवढं पुष्कळ झालं.

पुढची पायरी कागदपत्रांची. आपल्याकडे गुणमेलनाला जन्मवेळ लागते. जपानमध्ये पात्राच्या अधिकृत माहितीत वाढदिवस, उंची आणि पुष्कळदा रक्तगटही छापतात, कारण रक्तगटावरून स्वभाव सांगायची तिथे जुनी हौस आहे. लीवाय १६० सेंटिमीटर, एरेन १७०. या दहा सेंटिमीटरवर गंभीर वाद होऊ शकतात आणि ते व्हावेत.

नावांचा क्रम मात्र चुकवू नये. जपानी पद्धतीत दोन नावांमधल्या फुलीच्या (×) डावीकडे पुढाकार घेणारा आणि उजवीकडे दुसरा. नावं उलटी लिहिली की ती वेगळीच जोडी ठरते, तिचा गटही वेगळा, आणि दोन्ही गटांत विस्तव जात नाही. ‘हाइक्यू’मध्ये कागेयामाच्या पाठीवर ९ आणि हिनाताच्या (हा हिनाता वेगळा) पाठीवर १० आकडा आहे. जपानी तारखेत महिना आधी येतो, म्हणून कागेयामा-हिनाता गट ९ महिना १० तारीख, म्हणजे १० सप्टेंबर साजरा करतो. उलट गटाला ९ ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागतं.

इतकी सिद्धता झाली की प्रत्यक्ष निर्मितीला लागावं. तोक्योत २१ डिसेंबर १९७५ रोजी पहिलं कोमिकेट, म्हणजे चाहत्यांचा बाजार, भरलं तेव्हा स्वतः छापलेल्या चित्रकथा, म्हणजे दोजिनशी, विकणारे ३२ गट होते आणि सुमारे ७०० लोक आले होते, त्यात मुलींचा भरणा मोठा. २०१९च्या उन्हाळ्यातल्या कोमिकेटला चार दिवसांत सुमारे ७ लाख ३० हजारांची हजेरी लागली. मधल्या काळात, १९८०च्या दशकाच्या मध्यावर, ‘कॅप्टन त्सुबासा’ या फुटबॉलच्या मांगाने मोठी उलथापालथ केली. नायक त्सुबासाला बाजूला ठेवून चाहत्या मुलींनी आघाडीचा ह्यूगा आणि त्याच्याच संघाचा गोलरक्षक वाकाशिमाझु यांचं जमवलं. ‘कार्डकॅप्टर साकुरा’ काढणाऱ्या क्लॅम्प या गटाचा उगमही दोजिनशीतच आहे. हा उद्योग टवाळांचा म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी तेवढं ध्यानात ठेवावं.

प्रगत अभ्यासक्रमात माणसांची गरज संपते. ‘हेतालिया’त देशच पात्रं आहेत, त्यामुळे इतिहासातला कुठलाही तह हा पुरावा ठरतो. ‘तोकेन रानबु’मध्ये तलवारी देखण्या तरुणांचं रूप घेतात. छत आणि जमीन यांची जोडी जमवणं ही या वर्तुळातली जुनी थट्टा आहे. ते दोघं जन्मभर एकमेकांकडे पाहतात आणि भेटत नाहीत, यापेक्षा मोठी शोकांतिका कुठल्या मांगात आहे?

संकट येतं ते लेखक स्वतः लग्नं लावायला निघाला की. २०१६ साली ‘ब्लीच’ संपताना इचिगोला ओरिहिमे आणि रुकियाला रेंजी मिळाला, तेव्हा इचिगो-रुकियाचे चाहते हबकले. अशा वेळी अधिकृत शेवट हे लेखकाचं वैयक्तिक मत मानून काम पुढे चालू ठेवावं. उलटंही घडतं. पृथ्वीवर कत्तल करायला आलेला व्हेजिटा आणि बुल्मा हे आपले आईवडील आहेत, असं ‘ड्रॅगन बॉल’मध्ये भविष्यातून आलेला ट्रंक्स सांगतो आणि गोकू ऐकूनच आडवा होतो. त्यानंतर कथा तीन वर्षं पुढे उडी मारते आणि बुल्माच्या कडेवर बाळ दिसतं. ते जमलं कसं, हे लेखक तोरियामांनी दाखवलंच नाही. त्या तीन वर्षांवर चाहत्यांनी अगणित कथा लिहिल्या. जोडी लेखकाने दिली तरी काम शिल्लक राहतं, ते असं.

घरच्यांनी हरकत घेतलीच, तर त्यांना ‘डोरेमॉन’ची आठवण करून द्यावी. पहिल्याच प्रकरणात नोबिताचं लग्न जियानच्या बहिणीशी, जायकोशी ठरलेलं असतं. ते भविष्य बदलण्यासाठी त्याचा पणतूचा मुलगा सेवाशी बाविसाव्या शतकातून यंत्रमांजर घेऊन येतो, आणि पुढे शिझुकाशी जमतं. मग खापरपणजीच बदलली तर सेवाशी जन्मणार कसा? तो म्हणतो, ओसाकाला विमानाने जा, जहाजाने जा की रेल्वेने, पोचायचं ओसाकालाच. हा खुलासा छापून आला तेव्हा पहिलं कोमिकेट भरायला अजून अवकाश होता.