सोमवारचा उपवाशी

सानपाड्याला आमच्या लोकलमध्ये एक काका चढतात. आठवडाभर मुकाट उभे असतात, पण सोमवारी वाशी सुटली की त्यांना कंठ फुटतो. जागा हेरून ठेवलेली आहे. वाशी ते मानखुर्द मध्ये खाडी. विनोद कितीही वाईट निघाला तरी कुणाला उतरता येत नाही.

परवा कुणीतरी डबा उघडून त्यांच्यापुढे इडली धरली.

“नको. आज मी उपवाशी.”

“शंकराचा का?”

“छे हो, सानपाड्याचा. वाशीला जागा परवडली नाही, म्हणून उप-वाशी.”

डब्यात एकच ‘आई गंऽऽ’ उठलं. खिडकीतल्याने कपाळाला हात लावला. पनवेलपासून फोनमध्ये मान घालून बसलेल्या एका पोराने ती पहिल्यांदा वर केली, शिवी हासडायला का होईना. चांगल्या विनोदाला दाद द्यायची तर डोकं जागेवर लागतं, आणि सोमवारी ते अजून अंथरुणात असतं. पीजेचं, म्हणजे पांचट विनोदाचं, काम नुसत्या शिव्यांवर भागतं.

हास्यक्लबही सोमवारचंच अपत्य. १३ मार्च १९९५ला, सोमवारीच, डॉ. मदन कटारिया अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन हसायला उभे राहिले. सुरुवातीला गोल करून चक्क विनोद सांगायचे. दोनेक आठवड्यांत साठा आटला, उरले ते चावट आणि बोचरे. तक्रारी आल्या. तेव्हा डॉक्टरांनी विनोदच वगळला आणि लोकांना विनाकारण हसायला लावलं. आज शंभरावर देशांत माणसं तशी हसतात. हसोत बापडी. पण विनोद संपले म्हणून विनोदच बंद, हे आमच्या डब्यात चाललं नसतं. इथे विनोद संपत नाही, तोच पुन्हा सांगतात. मानसरोवर स्टेशनला उतरून “कैलास कुठल्या बाजूला?” विचारणारा प्रवासी मी इतक्यांदा ऐकलाय की त्याचा पास मीच काढून देईन म्हणतो.

झी मराठीने ‘चला हवा येऊ द्या’ सुरू केलं तेही १८ ऑगस्ट २०१४च्या सोमवारी. पण रात्री साडेनऊला! तोवर आम्ही सोमवार भोगून मोकळे झालेलो असतो. सकाळी व्हॉट्सअॅपवर आमच्या वाट्याला काय, तर उगवता सूर्य, दोन गुलाब आणि सुविचार. ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचं ‘नवा आठवडा, नवी ऊर्जा!’ आणि इकडे कुर्ल्याला रुळांवर गुडघाभर पाणी. या दोहोंत जास्त पांचट कोण, काका की साहेब? काकांना निदान आपण पांचट आहोत हे ठाऊक असतं.

अफवा आवरायला व्हॉट्सअॅपने २०१८मध्ये भारतात नियम केला, एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. पीजेला तेवढं पुरे. सुविचाराला मात्र एकही जागा ठेवायला नको होती.

तेव्हा वाचकहो, येत्या सोमवारी पाच जागा आहेत. पहिली साहेबांच्या ग्रुपला द्या. ‘उपवाशी’ कुणाचा म्हणून चौकशी झालीच, तर सानपाड्याचा सांगा. माझं नाव नको.