खडे कुणाच्या नावानं?

घर बांधावं की बांधलेलं विकत घ्यावं, हा प्रश्न पैशाचा आहे असं बँकवाले समजतात. पैसे दोन्हीकडे सारखेच कमी पडतात. खरा प्रश्न एवढाच, की पावसाळ्यात छत गळायला लागलं तर खडे कुणाच्या नावानं फोडायचे. विकतच्या घरात आधीचा मालक कामी येतो. बांधलेल्या घरात नवरा.

माझ्या बाबांना हा पेच पडला नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावी घर विकायलाच कुणी काढत नसे. शेतातली माती, तिच्यात कालवायला तणस आणि वर कवेलू, झालं घर. गळलंच तर माकडांना शिव्या द्यायच्या. कवेलू माकडंच फोडतात हे साऱ्या पंचक्रोशीला मान्य असल्यामुळे नवरा-बायकोत त्यावरून भांडण नसे. स्लॅब आला आणि माकडं निर्दोष सुटली.

गोंदियात भाड्याच्या खोल्यांना कंटाळून आम्ही आधी बांधायचंच ठरवलं. कुडव्याच्या बाजूला प्लॉट पाहिला. अकृषक आहे का, रस्ता कागदावर आहे की नुसता डोळ्यांना दिसतो, हे विचारून झालं आणि मिस्त्रीला बोलावलं. त्यानं प्लॉटकडे पाहिलंच नाही. आभाळाकडे पाहिलं.

"कवा सुरू करता जी?"

"जूनमध्ये?"

"पानी येते."

"मग जुलै?"

"रोवनी."

या जिल्ह्याला धानाचं कोठार म्हणतात. ते कोठार भरणारे हात आणि सिमेंटचं घमेलं उचलणारे हात एकच आहेत, हे मला मिस्त्रीनं शिकवलं. जुलै-ऑगस्टात रोवणी. मग पोळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धानकापणी. दिवाळी झाली की गावोगावी मंडई आणि रात्रभर नाटक; नाटक पाहून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी परांचीवर चढत नाही, आणि चढू देऊही नये. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा. मार्चात मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, आणि मधल्या फटींत लग्नं. शेवटी मिस्त्रीनं बोटांवर हिशेब करून एक महिना काढून दिला, जानेवारी. पण जानेवारीत सगळा जिल्हाच स्लॅब टाकत असतो, त्यामुळे मिक्सर मिळत नाही.

रेतीचं तर विचारूच नका. वैनगंगा आणि बाघ अशा दोन नद्या जिल्ह्याच्या सीमेवरून वाहतात. रेती डोळ्यांना भरपूर दिसते, पण दारात पोचायची तर घाटाचा लिलाव व्हावा लागतो आणि पावसाळ्यात उपसा बंद असतो. घरकुलवाल्यांना सरकार पाच ब्रास रेती फुकट देतं. मी भाव विचारला तेव्हा ट्रॅक्टरवाल्यानं आधी मागे-पुढे पाहिलं आणि मग कानात आकडा सांगितला. आकडा ऐकून मीही मागे-पुढे पाहिलं.

विटांवरून घरात दोन पक्ष पडले. सासरे लाल विटेचे, मेहुणा राखेच्या विटेचा. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं वीज केंद्र असल्यामुळे इकडे राखेला तोटा नाही, आणि राखेवरच्या मतांनाही. पाया खणायच्या आधीच भिंत उभी राहिली, ती या दोघांत.

तेव्हा आयतं घर बघायला लागलो. आयत्या बिळावर नागोबा व्हायला माझी हरकत नव्हती, पण बिळाचे वारस फार निघाले. जुन्या वस्तीतलं पहिलं घर नझूलच्या जागेवर. आखीव पत्रिकेवर वारलेल्या आजोबांचं नाव, विकणारा एक, आणि सह्या करणारे भाऊ-बहिणी दुर्ग, बालाघाट आणि नागपूर अशा तीन राज्यांत. गोंदिया जंक्शन मोठं सोयीचं आहे. माणसं कुठंही जाऊ शकतात. सहीपुरती परत मात्र येत नाहीत.

दुसरं घर रामनगरात. बैठकीच्या दाराशी बटणांचा लांबलचक बोर्ड होता. मालकांनी कौतुकानं एकेक दाबून दाखवलं. पंखा, दिवा, दुसरा पंखा. पुढचं दाबलं तर काहीच झालं नाही. मी विचारणार इतक्यात भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला, "कोन लावला जी आमचा लाईट?"

मालक म्हणाले, "शेजार चांगला आहे."

स्वयंपाकघरात ओट्याच्या वर पेन्सिलीनं लिहिलेला दुधाचा हिशेब होता. शेवटचं अडीच लिटर बाकी दिसत होतं. ते घराबरोबर आमच्याकडे येणार का, हे विचारायचा धीर झाला नाही. त्याच्याही वर, छताच्या कोपऱ्यात, परातीएवढा ओलीचा डाग. मी नाक मुरडलं. बायकोचा चेहरा मात्र खुलला. इतक्या दिवसांत प्रथमच एक दोष दिसला होता आणि तो आपल्यापैकी कुणाचा नव्हता.

राहिलेलं काम मुद्रांक शुल्कानं केलं. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर बाईच्या नावानं घेतलं तर या शुल्कात एक टक्का सूट मिळते. मोकळ्या प्लॉटाला ती नाही.

"ऐका ना," बायको म्हणाली, "माझ्या नावानं घ्या. तेवढेच वाचतील."

वाचले. रजिस्ट्री झाली, चाव्या मिळाल्या, आणि पहिल्याच पावसात डाग परातीचा सतरंजीएवढा झाला. मी आधीच्या मालकांच्या नावानं पहिला खडा उचलला.

"त्यांना कशाला बोलता?" ती म्हणाली. "बिचाऱ्यांनी उघड्यावर ठेवला होता डाग. घर बघायला कोण घेऊन गेलं होतं?"

घर तिच्या नावावर, खडे माझ्या. एक टक्क्यात हेही आलंच.

त्या डागावर तिनं उपायही काढलाय. वर एक खोलीच बांधायची, म्हणजे पाणी खाली येणार नाही. सासरे आणि मेहुणा विटा घेऊन पुन्हा समोरासमोर उभे आहेत. मिस्त्री येऊन गेला. जानेवारीत करू म्हणाला. कोणत्या सालच्या, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.