सोबत एक कवेलू जोडले आहे

प्रति,
ऐतिहासिक वास्तू, ग्रामीण परंपरा आणि एकूणच जुनं-पुराणं जतन करणाऱ्या सर्व संस्था, समित्या, न्यास व अभियानं,
मुक्काम दिल्ली, भोपाळ, नागपूर, किंवा जिथे चर्चासत्राला चांगलं जेवण असतं तिथे.

विषय : आमच्या घराचा वारशात समावेश करण्याबाबत. (घर पाडून झाले आहे.)

महोदय / महोदया,



मी वारासिवनीहून लिहितोय. जिल्हा बालाघाट, मध्य प्रदेश. सिवनी जिल्हा वेगळा, कृपया उत्तर तिकडे पाठवू नका. आमच्या गावाच्या नावातला 'रा'वरचा काना काढून पुढच्या अक्षराला वेलांटीच्या जागी दिला, की सुरुवातीला 'वारसा' होतो. तेव्हा तुमच्याकडे अर्ज करायचा थोडाफार हक्क आम्हाला नावानेच मिळालाय असं मी धरून चालतो. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली, भंडारा तिकडे गेला आणि आम्ही इकडे राहिलो. तेव्हापासून आम्ही फॉर्म हिंदीत भरतो, भांडण मराठीत करतो आणि खरोखर राग आला तर पोवारीत बोलतो. हाही एक वारसाच, पण त्याला कुंपण घालता येत नाही, म्हणून तो सोडून देऊ.

मुद्दा घराचा. आजोबांनी बांधलेलं मातीच्या भिंतींचं, सागाच्या मयालींचं, वर हाताने केलेली कवेलू, म्हणजे कौलं, घातलेलं घर. समोर छपरी, मागे सांदवाडी, मधल्या खोलीत धानाची ढोली. १९५८ चा केंद्रीय कायदा सांगतो, की वास्तूला प्राचीन म्हणवून घ्यायचं असेल तर तिने किमान शंभर वर्षं उभं राहिलं पाहिजे. बाबांच्या हिशेबाने आमचं घर त्र्याण्णव वर्षांचं होऊन गेलं. सात वर्षं कमी पडली. सचिनसुद्धा बऱ्याचदा नव्वदीत बाद झाला, असं म्हणून आम्ही मनाची समजूत घातली. पण सचिनला पुढच्या सामन्यात परत खेळायला मिळायचं.

अर्थात नुसती शंभरी गाठून भागत नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. वैनगंगेवरचं ढुटीचं धरण १९२३ साली पुरं झालं. त्याने शंभरी ओलांडली, पण त्याचं पाणी अजून धानाला मिळतं. उपयोगात असलेल्या वस्तूला वारसा म्हणायला जीभ रेटत नाही, ही आपल्याकडची जुनी अडचण. ते कधी काळी कोरडं पडलं की तिथे फलक लागेल, आणि फलकासमोर उभं राहून आम्ही फोटो काढू. हट्टा गावच्या बावडीचं तसंच झालं. गोंड राजवटीतली ती बावडी जमिनीखाली मजल्या-मजल्यांनी उतरते. उन्हाळ्यात आत पाय ठेवला की अंगावर काटा येईल इतका गारवा. लोक पाणी भरायचे थांबले आणि बघायला यायला लागले.

तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आकडे मी वाचलेत. केंद्राने रक्षणाखाली घेतलेली स्मारकं २०२२ साली ३,६९३. त्यातली ५० हरवल्याचं त्याच डिसेंबरात संसदीय समितीपुढे आलं. १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली, आणि उरलेल्या २४ चा पत्ताच लागत नव्हता. पहारेकरी तेव्हा २४८ ठिकाणी. माणूस चष्मा हरवतो, छत्री हरवतो, फार तर एखादी म्हैस हरवते. फरीदाबादेतला कोस मिनार हरवतो, म्हणजे ज्या खांबाचं काम वाटसरूला वाट दाखवायचं, तोच वाट चुकतो! एवढ्या मोठ्या संसारात आमच्या कवेलूच्या घराकडे लक्ष जाणार नाही, हे आम्ही समजू शकतो.

लक्ष गेलं नाही, एवढंच असतं तरी ठीक होतं. पण आमच्या घराकडे सरकारचं लक्ष गेलं.

२०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत प्रत्येक घराचं छप्पर कशाचं ते लिहून घेतलं. गवताचं छप्पर कच्चं, प्लास्टिकचं कच्चं. आणि कवेलूत दोन जाती केल्या : यंत्राने केलेलं कवेलू पक्कं, हाताने केलेलं कच्चं. भिंत मातीची असेल तर तीही कच्ची. भिंत कच्ची, छप्पर कच्चं, म्हणजे माणूस घरकुलाच्या रांगेत. खेड्यात घरकुलाला सपाट भागात एक लाख वीस हजार आणि जागा किमान २५ चौरस मीटर. पण घरकुल उभं राहायचं तर बहुतेकांकडे जागा एकच असते, जुनं घर जिथे उभं आहे ती.

या मोजमापाने सेवाग्रामची बापू कुटी कच्ची ठरते. माती, बांबू, वर कवेलू. देशोदेशीचे लोक चपला बाहेर काढून जिथे आत जातात, त्या घराला आपल्याकडचा कुठलाही सर्वेक्षक एका मिनिटात पात्र ठरवेल आणि अंगठा कुठे लावायचा ते दाखवेल. मालकाने निदान बँकेत खातं उघडलेलं असावं.

आता साडीकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. वारासिवनीच्या हातमाग साडीला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी २०२१ ला बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला मिळालं होतं. आम्ही दोन्ही वेळा पेढे वाटले. साडीचं मोल कशात? ती हाताने विणलेली आहे, यात. म्हणजे साडी हाताची म्हणून मोलाची, आणि ज्या छपराखाली ती विणली जाते ते छप्पर हाताचं म्हणून कच्चं. एकच हात. खाली त्याचा सत्कार, वर त्याचं सर्वेक्षण.

आमच्या मागच्या गल्लीत एक कोष्टी काकाजी राहतात. त्यांचा माग खड्ड्याचा. जमिनीत खड्डा, काठावर बसायचं, पाय खाली पावड्यांवर, धोटा इकडून तिकडे. मागाला खड्डा का लागतो, हे मला पन्नाशीपर्यंत कळलेलं नव्हतं. मातीच्या जमिनीचा ओलावा सुताला मिळतो, त्यामुळे सूत तुटत नाही. उन्हाळ्यात काकू खड्ड्याच्या भोवती पाणी शिंपडायच्या. मला वाटायचं, धूळ बसावी म्हणून. काकाजींचं नवं घर झालं, पक्कं, छान. खाली टाइल. मी अभिनंदन करायला गेलो तर माग भिंतीला उभा करून ठेवलेला, फणीवर चादर. मी विचारलं, कधी सुरू करता? ते म्हणाले, "टाइलवर माग नाही ना बसत, जी." थोडं थांबून म्हणाले, "फोडली तं पोरगं फोडन मले."

आता मला सांगा, तुमच्यापैकी कोणत्या संस्थेच्या कोणत्या विभागाकडे खड्डा येतो? साडी हस्तकलेकडे जाते, घर गृहनिर्माणाकडे, विणकर कल्याणाकडे. खड्ड्याला विभाग नाही. खड्डा जतन करण्यासाठी अर्ज करावा तर लोक हसतात. आमच्याकडे खड्डे बुजवावेत म्हणून अर्ज करायची पद्धत आहे.

घराची पुढची हकिगतही सांगून टाकतो, म्हणजे मी हात वर करतोय असं तुम्हाला वाटायला नको. आमचं घर मीच पाडलं. भिंतीत वाळवी होती, पावसाळ्यात तीन ठिकाणी घमेली ठेवावी लागायची, एकदा ढोलीमागे नाग निघाला. आणि कवेलू फेरणारा माणूस मिळेना. पूर्वी मृग लागायच्या आधी तो यायचा, अख्खं छप्पर एकेक कवेलू उचलून फेरायचा. फुटलेलं बाजूला, बरं ते परत जागेवर. माकडांनी वर्षभरात जेवढी फोडली तेवढी नवी घालायची. दोन दिवसांचं काम. आजी खालून शिव्या देत त्याच्याकडून आढ्याची ओळ सरळ करून घ्यायची. तो म्हातारा गेला, त्याचा मुलगा नागपूरला टाइल बसवायला गेला. कुंभारांनी कवेलू करणं सोडलं. विल्यम मॉरिस नावाच्या एका इंग्रजाने १८७७ साली लंडनमध्ये जुन्या इमारतींसाठी संस्था काढली. तिचं म्हणणं असं, की जीर्णोद्धाराच्या नावाने खरडू नका, वेळच्या वेळी थोडं थोडं दुरुस्त करा. आजीने मॉरिसचं नाव ऐकलेलं नव्हतं. तिला फक्त गळती कळायची. आज जगभरचे लोक ते शिकायला पदव्या घेतात. आमच्याकडे ते काम करणाऱ्याला रोजी परवडत नव्हती, इतकंच.

(खरडण्याचं म्हणाल तर ते आम्ही सोडलेलं नाही. जुन्या देवळाच्या दगडी खांबांना चकचकीत ऑइल पेंट आणि गाभाऱ्याला न्हाणीघरात शोभतील अशा टाइल, हा आमच्या भागातला लाडका जीर्णोद्धार. देणगीदाराचं नाव मात्र दगडातच कोरतात.)

तर घर उतरवलं. कवेलूचा ढीग सांदवाडीत पडला. एक माणूस टेम्पो घेऊन आला, नगाला चार रुपये म्हणाला. मी म्हटलं, कच्च्या मालाला बरा भाव आहे. तीन हजारांच्या आसपास नग गेले. दोन वर्षांनी एका भाच्याच्या साखरपुड्याला कान्ह्याच्या जंगलाकडे, मुक्कीच्या बाजूला एका रिसॉर्टात गेलो. मातीच्या कुट्या, शेणाने सारवलेली अंगणं, भिंतीवर छुई मातीचा पांढरा पोत. आत एसी. मी सहज वर पाहिलं. आमच्या स्वयंपाकघरावरची कवेलू आतल्या अंगाने काळी पडलेली होती, नव्वद वर्षांच्या चुलीच्या धुराने. तीच. धूर घासून काढलेला नव्हता, उलट वरून वॉर्निश मारलं होतं. वेटरने सांगितलं, "सर, ये सब ओरिजिनल हेरिटेज है." मी एका रात्रीचं भाडं विचारलं. आमचं अख्खं छप्पर त्याहून थोडं स्वस्त गेलं होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कवेलू कच्चं की पक्कं हे भट्टीवर ठरत नाही. खाली कोण झोपतो त्यावर ठरतं. विणकर झोपला तर कच्चं. पाहुणा झोपला तर वारसा.

माझी मागणी मोठी नाही. घर परत नको. मी स्लॅबखाली बसून हे लिहितोय, तापतो फार, पण गळत नाही. स्मारक नको, निळा फलक तर मुळीच नको. तुमच्या चर्चासत्रात एखादा अर्धा तास मोकळा असेल, चहा आणि समारोपाच्या मधला, तर एवढंच विचारा की गणनेच्या यादीतला 'हाताने केलेले' हा शब्द कच्च्याच्या रकान्यातून काढायला कोणाकडे जावं लागेल. घरकुलाच्या नकाशात एका खोलीची जमीन मातीची ठेवायला परवानगी मिळेल का, हेही विचारा. जिथे माग आहे तिथेच, सरसकट नको. कवेलू फेरणाऱ्याला आणि ते करणाऱ्या कुंभाराला स्मारकावरच्या पहारेकऱ्याएवढी रोजी कोणत्या तरी खात्यातून मिळाली तर फारच छान. वर्षातून दोन दिवस, एका घराला. पैसे कुठून आणायचे असं कोणी म्हणालंच, तर त्या रिसॉर्टचं दरपत्रक मी पाठवू शकतो.

रामपायलीला चंदन नदीच्या काठी मंदिर बघायला तुमच्यापैकी कोणी आलं, किंवा लांजीचा किल्ला करून परतीला या वाटेने निघालं, तर घरी या. चिन्नोरचा भात करू. काकाजींचा माग बघायचा असेल तर आधी कळवा, चादर काढून ठेवतो.

आपला,
एक अपात्र अर्जदार,
वारासिवनी

ता. क. : सोबत एक कवेलू जोडले आहे. टेम्पोत चढवताना हातातून सुटलं आणि कोपरा उडाला, म्हणून त्या माणसाने घेतलं नाही. आतल्या बाजूने बोट फिरवून पाहा. कुंभार चाकावर निमुळती नळी ओढायचा आणि ओलेपणीच तिचे दोन उभे भाग करायचा. त्याच्या बोटांच्या रेघा गोल गोल अजून आहेत. एका ठिकाणी रेघ चुकलीय, बहुधा त्याला कोणी तरी हाक मारली असावी. पोच द्यावी. टपालात फुटलं तर तुकडे टाकून देऊ नका, आढ्याच्या सांध्यात भरायला कामाला येतात.